सिस्टरला सांग

मासळीबाजारात माझ्याशी मापात पाप करायची कुणाची छाती नव्हती. आखातातल्या फुजैराच्या त्या बाजारात कोळणी नव्हत्या, केरळचे आणि बांगलादेशचे पुरुष मासे विकायला बसत, आणि मी लांबून येताना दिसले की त्यांच्यात खाणाखुणा व्हायच्या. तराजूचं पारडं उचलून खालून बघितल्याशिवाय मी पिशवी पुढे करत नसे. सुरमईचं डोकं वजनात धरलं तर पुन्हा मोजायला लावत असे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मागे पिशवी धरून उभा राहायचा आणि हसायचा. "सगळं जग तुला लुबाडायलाच बसलंय होय गो बाय?" असं विचारायचा. मी म्हणायची, "बसलंयच. सोळा वर्षं इथे काढून तुला ते कळलं नाही, म्हणून तर तुझी ही गत."

मी फटकळ आहे, हे मला आजही कुणी सांगायला नको. पण मी खोटं भांडत नसे. दादाच्या वाट्याला आयुष्यभर सगळं कमीच आलं, हे मी बघत आले होते. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. बाबा लवकर गेले, तेव्हा त्याने आठवीतून शाळा सोडली आणि मला मात्र बी.कॉम.पर्यंत शिकवलं. माझं लग्न त्याने करून दिलं. माझे हे फुजैराच्या बंदराजवळ एका शिपिंगच्या ऑफिसात होते, म्हणून लग्नानंतर मी इथे आले. दादा तेव्हा त्याच देशात, पण लांब तिकडे रुवैसला होता, एका ठेकेदाराकडे ब्लास्टिंगवर. तेलाच्या टाक्यांचा गंज काढायचं काम ते. जाड पाइपातून जोरात वाळू मारायची, पत्रा लख्ख होईपर्यंत, मग मागून रंगारी येणार. डोक्यावर टोप असायचा आणि टोपात हवेची नळी, पण नळी कधी फाटलेली तर कधी कॉम्प्रेसर बंद. मग तोंडाला ओला टॉवेल गुंडाळायचा आणि उभं राहायचं. "वाळूच ती," तो म्हणायचा, "समुद्रावर लहानपणी काय कमी खाल्ली?"

पुढे ठेकेदाराला फुजैरात टाक्यांचं काम मिळालं आणि दादा आमच्या गावात आला. मला आभाळ ठेंगणं झालं. दर शुक्रवारी तो कामगारांच्या कॅम्पातून आमच्याकडे जेवायला येऊ लागला. आधी आम्ही दोघं बाजारात जायचो, मग मी कालवण करायची, तो माझ्या मुलांना खांद्यावर घेऊन घरभर फिरायचा. गावाला वहिनी होती, लहान मुलगा होता, पडवीला सिमेंट करून घेतलेलं छोटंसं घर होतं. "अजून एकदा व्हिसा लागू दे, मग खलास, कायमचा जातो," हे मी त्याच्या तोंडून दर तीन वर्षांनी ऐकत होते.

त्याचा श्वास कधी बिघडला, हे मला नक्की सांगता येत नाही, आणि त्याचीच मला चीड येते. एका दिवसात बिघडला असता तर मी पाहिला असता. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्यांदा तो दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागला. मी वरून बघितलं तर लाइटचे मीटर निरखत उभा. "अरे, तू काय रीडिंग घ्यायला आलास काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "कुणाचं किती जळतं ते बघतोय." दोघं हसलो. नंतर तो पहिल्या मजल्यावरही मीटर बघायला लागला.

मग त्याने मुलांना खांद्यावर घेणं सोडलं. मग तो ओठांचा चंबू करून श्वास सोडायला लागला, हळूहळू, शीळ घालतो तसा. मुलांना वाटायचं, मामा आता गाणं वाजवणार. "मामा, व्हिसल," म्हणून ती त्याच्यासमोर बसून राहायची, आणि मामाच्या तोंडून नुसती हवा यायची. जेवताना तो चार घास खाऊन थांबायचा. मी म्हणायची, कालवण आवडलं नाही का? तो म्हणायचा, "आवडलं गो. जरा दम धर." आता मला कळतं, तो मला दम धरायला सांगत नव्हता, स्वतःचा दम धरत होता. माणसाला एकाच तोंडाने जेवायचं आणि श्वास घ्यायचा, दोन्ही जमेनासं होतं तेव्हा तो जेवण सोडतो.

सकाळी उठल्यावर डोकं दुखतं, असं तो म्हणायला लागला. मी म्हटलं, कॅम्पातल्या एसीचं वारं डोक्यावर घेतोस, बाम लाव. जेवणानंतर तो सोफ्यावर बसल्या बसल्या झोपायचा, बोलता बोलता मान पडायची. माझी धाकटी म्हणाली, "मामा इज ऑलवेज स्लीपिंग." मी तिला दटावलं, म्हटलं, मामा आठवडाभर उन्हात राबतो, तुझ्यासारखा एसीत लोळत नाही. पावलं सुजायला लागली, तर मी म्हटलं, बूट बदल.

आणि नखं. एका शुक्रवारी मला त्याची नखं निळी दिसली. मी म्हटलं, रंगाऱ्यांत मिसळतोस, हात तरी धड धूत जा, या हाताने जेवतोस? आणि त्याला समोर बसवून, कापसाला थिनर लावून, एकेक नख घासायला घेतलं. दहाही बोटं. तो एकेक बोट पुढे करत राहिला. रंग निघेना. मी वैतागून म्हटलं, "कसला चिवट रंग वापरतात मेले." तो म्हणाला, "राहू दे बाय, जाईल आपोआप." त्याला ठाऊक असणार की तो रंग नव्हता. मला नव्हतं ठाऊक, आणि त्याने मला कळू दिलं नाही.

डॉक्टरकडे जायला तो तयार नव्हता, आणि त्याचं कारण तिथल्या प्रत्येक कामगाराला ठाऊक होतं. व्हिसा नवा करताना छातीचा फोटो काढायचे. फोटोत डाग दिसला की टीबीचा संशय, आणि संशय आला की परतीचं विमान. दादा म्हणायचा, "आता दाखवलं तर कुठेतरी लिहिलं जाईल. मे महिन्यात व्हिसा संपतोय. मी नवा करतच नाही. माझ्या पायाने जातो, मग तिकडे रत्नागिरीला दाखवू." मी हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, त्याचं म्हणणं बरोबर नाही, पण चुकीचंही नाही. हे असेच बोलतात. त्या वेळी मला ते पटलं, कारण मे महिना म्हणजे काही फार लांब नव्हता.

जानेवारीत त्याला सर्दी झाली. नुसती सर्दी, त्यात चार दिवस धुळीचं वारं. बुधवारी सकाळी कॅम्पातून त्याच्या खोलीतल्या माणसाचा फोन आला की तो रात्रभर खाटेवर बसून आहे, आडवा होत नाही आणि तीन शब्दांच्या वर बोलत नाही. ह्यांनी ऑफिसातून थेट जाऊन त्याला हॉस्पिटलात नेलं. तिथे त्याच्या मनगटातून रक्त काढलं. नेहमीच्या शिरेतून नव्हे, नाडी लागते तिथून, खोल सुई घालून. त्यातून कळतं म्हणे, की रक्तात चांगली हवा किती आणि वाईट हवा किती.

दुपारी मी गेले तेव्हा तो पुरुषांच्या वॉर्डात खिडकीशी होता. उशांना टेकून बसलेला, हात गुडघ्यांवर, मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला उभ्या राहत होत्या. खिडकीतून समुद्रात नांगरून ठेवलेली जहाजं दिसत होती. नाकात ऑक्सिजनच्या दोन बारीक नळ्या. मागे भिंतीवर काचेची उभी नळी, तिच्यावर आकडे, आणि आत एक छोटा गोल मणी हवेवर तरंगत होता. आकडे पंधरापर्यंत होते. मणी दोनावर होता.

ते मी पहिल्या मिनिटात पाहिलं. माझी नजरच तशी होती, तराजूवर जाणारी. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, नातेवाईक भोवती, फुलं, खजुराचा डबा. त्यांच्या तोंडावर मोठा मास्क, आणि त्यांचा मणी थेट दहाच्या वर.

ह्यांना कामावर परत जायचं होतं. जाताना दाराशी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, ह्याला ऑक्सिजन थोडाच द्यायचा." मी विचारलं, का? हे म्हणाले, "काहीतरी कारण आहे, संध्याकाळी नीट सांगतो, त्यांना कळतं." आणि गेले.

वॉर्डात एक केरळची सिस्टर होती. तिशीची असेल, बारीक, चालताना बुटांचा आवाज करणारी. ती आणि आणखी एक, दोघी मिळून सगळा वॉर्ड सांभाळत होत्या. मी तिला विचारलं तर ती सलाइन लावता लावता मोडक्या हिंदीत म्हणाली, "ज़्यादा नहीं देने का. डॉक्टर बोला. सोने नहीं देने का, बात करते रहना, दीदी." मी म्हटलं, उनको तो इतना दिया है. ती म्हणाली, "उनका अलग है," आणि पुढच्या खाटेकडे गेली.

उनका अलग है. हे वाक्य मी त्या देशात शंभर वेळा ऐकलं होतं. काउंटरवर ऐकलं होतं, दुकानात ऐकलं होतं. कॅम्पाच्या मेसमध्ये कामगारांना एकच पळी डाळ आणि सुपरवायझरला वाटी भरून, तेव्हा दादानेच हसत सांगितलं होतं, "त्यांचं वेगळं असतं गो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, इथेही तेच. कॅम्पातला माणूस, कळकट बनियन, जवळ कुणी नाही, म्हणून दोन. जमिनीतून तेल उपसणाऱ्या देशात माझ्या भावाला हवासुद्धा मोजून. ज्याने यांच्या टाक्या घासता घासता छाती घालवली, त्याला हवेतही मापात पाप.

दादा एकेक शब्द बोलत होता. "वहिनीला... सांगू... नको." मी म्हटलं, नाही सांगत, तू गप्प बस. त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या. कपाळावर घाम होता, जानेवारीत. दोन्ही सिस्टर पलीकडच्या टोकाला होत्या, पाठमोऱ्या. मी उठले, जणू उशी सरळ करतेय असं दाखवलं, आणि भिंतीवरच्या त्या काचेच्या नळीची खुंटी डावीकडे फिरवली. मणी वर गेला. सात, आठ. खालच्या बाटलीतलं पाणी खळखळायला लागलं. मी त्यापुढे टॉवेल टांगला.

पाचेक मिनिटांत त्याच्या नखांचा निळेपणा गेला. मी डोळ्यांनी पाहिलं. जे थिनरने गेलं नव्हतं, ते गेलं. ओठ गुलाबी झाले, मानेच्या शिरा बसल्या. त्याने माझ्याकडे पाहून मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "आता बरं वाटतंय बाय." एका दमात म्हणाला. मला रडू आलं, आणि रागही आला की एवढ्याशा गोष्टीसाठी त्याला सकाळपासून तडफडत ठेवलं.

मग त्याला झोप लागली. आजाऱ्याला झोप लागली की त्याला यमानेसुद्धा उठवू नये, असं आमची आई म्हणायची. मी खाटेभोवतीचा पडदा ओढला. झाडू मारायला आलेल्या माणसाला तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. त्याच्या कॅम्पातले दोघं संत्री घेऊन भेटायला आले, त्यांना मी दारातच अडवलं. "झोपलाय. रात्रभर जागा होता बिचारा. उठवू नका," म्हटलं. ते पायांचा आवाज न करता गेले. मी त्याचा हात हातात घेऊन बसले. हात छान गरम होता, गालांवर लाली आली होती. बोटं मधूनच थरथरत होती, मला वाटलं, स्वप्न बघत असेल. सिस्टर म्हणाली होती, बोलत राहा, झोपू देऊ नको. मी ऐकलं होतं. पण मला वाटलं, हिला काय कळतं, माझा भाऊ आहे. त्या दीड तासात मी सुखात होते, आणि ते मला आजही सहन होत नाही.

सिस्टर ताप बघायला आली, पडदा सारला आणि जागच्या जागी थांबली. "बाबा," तिने हाक मारली. पुन्हा मोठ्याने मारली. मग मुठीने त्याच्या छातीचं हाड जोरात चोळलं. तो हलला नाही. मी म्हणायला गेले की अहो, झोपलाय, आणि तेवढ्यात तिने टॉवेल बाजूला केला.

तिने मणी आधी दोनावर आणला, मग ओरडून दुसरीला बोलावलं. डॉक्टर धावत आले. मनगटात पुन्हा सुई. तोंडावर रबराचा फुगा धरून एक जण दाबायला लागला. डॉक्टर सुदानी होते, उंच, एरवी हळू बोलणारे. ते इंग्रजीत सिस्टरवर कडाडले, "हे कोणी वाढवलं? मी दोन लिहिलं होतं." ती म्हणाली, "मी दोनच ठेवलं होतं, डॉक्टर." ते म्हणाले, "मग आपोआप वाढलं? ही तुझी खाट आहे." तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, फक्त एकदा.

मी, जी पारडं उचलून खालून बघणारी, जी दहा माणसांत सुपरवायझरला उभं-आडवं घेणारी, त्या माझी दातखीळ बसली. माझ्या डोक्यात त्या क्षणी दादा नव्हता, हे मला लिहायलाच हवं. डोक्यात पोलीस आले, जेल आला, ह्यांची नोकरी, मुलांची शाळा, सगळ्यांचा व्हिसा. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि टॉवेलची घडी घालत राहिले. दादाला घशात नळी घालून ढकलत आयसीयूत नेलं.

संध्याकाळी ह्यांनी मला ते कारण सांगितलं, डॉक्टरांनी सकाळी सांगितलेलं. दादाची फुप्फुसं वर्षानुवर्षांच्या वाळूने आणि विडीने कडक झाली होती. चांगली हवा आत घेणं जमत नव्हतं, तसं वाईट हवा बाहेर टाकणंही जमत नव्हतं. ती आतच साठत गेली. सकाळचं डोकं दुखणं तिचं, बसल्या जागी झोपणं तिचं. शरीर शहाणं असतं, ते एवढ्याशा हवेवर जगायला शिकलं होतं. अशा माणसाला एकदम भरपूर ऑक्सिजन मिळाला तर शरीराचं सगळं गणित विसकटतं, श्वास मंदावतो, वाईट हवा रक्तात चढत जाते, आणि माणूस गुंगीत जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, झोप लागली. "म्हणून दोन," हे म्हणाले. "आणि शेजारच्या माणसाचा आजार वेगळा होता, त्याला जास्त लागत होता." मग म्हणाले, "त्या नर्सने काहीतरी गोंधळ केलेला दिसतो." मी मान हलवली. हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. मान हलवली.

तिसऱ्या दिवशी तो मशीनवर शुद्धीत आला. मी देवाला काय काय बोलले होते ते मी इथे सांगत नाही. दोनदा मशीन कमी करून पाहिलं. पहिला तासभर जमायचं, मग पोट आणि छाती एकमेकांच्या उलट हलायला लागायची, तो घामाघूम व्हायचा, आणि पुन्हा मशीन. डॉक्टर ह्यांना म्हणाले, स्नायू दमलेत, फुप्फुसात उरलंच नाही काही, आज ना उद्या इथवर येणारच होता, पण लवकर आला. ते "पण" माझ्या काळजात घुसून बसलं. तेवढं सोडून बाकीचं वाक्य मला आठवावं लागतं.

सहाव्या दिवशी भेटायच्या वेळेत मी एकटी होते. त्याच्या तोंडात नळी, बोलता येत नव्हतं, पण डोळे लख्ख होते. मी त्याच्या कानाशी वाकले आणि सगळं सांगितलं. खुंटी मी फिरवली, टॉवेल मी टांगला, बोलणी सिस्टरने खाल्ली, आणि मी गप्प राहिले. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, तो आता तोंड फिरवेल. त्याने बोटांनी लिहायची खूण केली. मी पर्समधून शाळेच्या नोटिशीचा कागद काढला, त्याच्या बोटांत पेन दिलं आणि पाठची कोरी बाजू त्याच्या हाताखाली धरली. त्याने वाकड्या अक्षरांत लिहिलं, "सिस्टरला सांग."

मला वाटलं, त्याला काही त्रास होतोय. मी तिथल्या नर्सला बोलावलं. ती आली, नळीतला कफ ओढून काढला, नाडी पाहिली. तो मान हलवत राहिला, नाही नाही. ती गेल्यावर त्याने बोट खाली दाखवलं, जमिनीकडे. खालच्या मजल्यावर वॉर्ड होता. तेव्हा मला कळलं, कुठल्या सिस्टरला.

"सांगते," मी म्हटलं, "उद्या सांगते." त्याने कागदावर बोट ठेवलं, पुन्हा. मी म्हटलं, "अरे, सांगते म्हटलं ना. तू आधी बरा हो." मी कागदाच्या चार घड्या घातल्या आणि कुणाला दिसू नये म्हणून तो उशाजवळच्या त्याच्या चष्म्याच्या डबीत सरकवला.

दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. छातीत नवा जंतू झाला म्हणाले. रक्तदाब उतरत गेला, लघवी बंद झाली. मी रोज त्या वॉर्डाच्या दारावरून वर जात होते, आणि रोज उद्यावर ढकलत होते. अकराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता दादा गेला. मे महिना यायला अजून चार महिने होते.

हे त्याच्यासोबत गावाला गेले. मुलांची परीक्षा म्हणून मी राहिले, असं सगळ्यांना सांगितलं. कपडे, घड्याळ, चष्मा, सगळं ह्यांनी पिशवीत भरून नेलं. पंधरा दिवसांनी मी एकदाच हिय्या करून त्या वॉर्डात गेले. ती नव्हती. दुसरी एक जण म्हणाली, "उसको दूसरी जगह भेज दिया." कुठे, मी विचारलं नाही. जिना उतरताना मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. त्यानंतर मासळीबाजारात मी पारडं उचलून बघणं सोडलं. मासळीवाले चकित झाले. एकाने विचारलंही, मॅडम, तबीयत ठीक है?

पुढच्या वर्षांत आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा वहिनी माझ्याशी बेतानं बोलायची. कमी काही करायची नाही. सांदणं, सोलकढी, मुलांना खाऊ, सगळं. पण पूर्वीसारखी "वन्सं" म्हणून गळ्यात पडायची नाही. मला वाटायचं, हिला कळलंय. कसं कळलं ते कळायचं नाही, पण कळलंय. आणि मी ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखी तिच्या घरात वावरायची.

पाच-सहा वर्षांनी, आम्ही फुजैरा सोडायच्या आधीच्या सुट्टीत, दुपारी जेवणं झाल्यावर ती पडवीत माझ्यासमोर येऊन बसली. हातात दादाच्या चष्म्याची डबी. उघडून तिने चार घड्यांचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. अक्षरं फिकी झाली होती.

"वन्सं," ती म्हणाली, "इतकी वर्षं विचारीन म्हटलं आणि विचारलं नाही. शेवटचं लिहिलंय त्यांनी, आणि ते तुमच्यासाठी. सिस्टरला सांग. काय सांगायचं होतं त्यांना तुम्हाला? माझ्यासाठी एक अक्षर नाही बघा."

मला आधी समजेचना. मग समजलं. तिच्या गावात हॉस्पिटलातल्या बाईला नर्स म्हणत, किंवा बाई म्हणत. सिस्टर म्हणजे बहीण, एवढं तिला मुलाच्या पुस्तकातून ठाऊक होतं. इतकी वर्षं ती बाई रोज तो कागद काढून बघत होती आणि समजत होती की मरताना नवऱ्याला बायको आठवली नाही, बहीण आठवली.

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. काहीतरी रचून सांगता आलं असतं, की तुमची काळजी घ्यायला सांगत होता. माझी जीभ तशी चालूच होती. पण तिने तोंड असं वर केलेलं होतं, की मला ते जमेना. मी तिला सगळं सांगितलं. दोन आकडा, शेजारची खाट, खुंटी, टॉवेल, निळी नखं गेली ते, झोप लागली ते. सिस्टर म्हणजे मी नव्हे, हे सांगितलं. कोण, ते सांगितलं. म्हटलं, "तुमच्या नवऱ्याला मी मारलं, वहिनी. आणि दुसरीवर ढकललं."

तिने मान वळवली. अंगणात कोंबड्या होत्या, त्यांच्याकडे बघत होती. मी शिव्यांची वाट बघत होते, खरं तर मला त्या हव्या होत्या. मग तिने एवढंच विचारलं, "मग सांगितलंत का तिला?"

"नाही," मी म्हटलं.

तिने कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. "मग हा माझ्याकडे कशाला? तुमचा निरोप आहे, तुम्ही ठेवा," म्हणाली, आणि चष्म्याची डबी तेवढी उचलून आत घेऊन गेली.